काडतुसाची पुंगळी आणि पागेतला अमोनिया

इतिहासाच्या तासाला १८५७ चा उठाव शिकवताना एक प्रश्न वर्गातून यायला हवा, पण बहुधा येत नाही. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे अशी बातमी शिपायांत पसरली आणि ती काडतुसे दातांनी तोडावी लागत म्हणून धर्म बुडण्याची भीती निर्माण झाली, असे आपण सांगतो. मुलांनी काडतूस पाहिलेले असते ते सिनेमात किंवा वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात. ते पिवळे, चकचकीत, धातूचे असते. असे काडतूस दातांनी कसे तोडायचे? आणि तोडायचे तरी कशासाठी?

एका शिक्षक शिबिरात आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा थोडा वेळ शांतता पसरली. एका बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, की आपण वीस वर्षे हा धडा शिकवतो, पण डोळ्यांपुढे चित्र पितळी काडतुसाचेच होते. त्यात त्यांची चूक नाही. पुस्तकातल्या त्या वाक्यात काडतूस कशाचे होते हे लिहिलेलेच नसते. ते होते कागदाचे. कागदाचे काडतूस पितळेचे होईपर्यंत मध्ये काय काय घडले, कोणत्या धातूने कोणाला कसा दगा दिला आणि त्यात आपल्याकडच्या पावसाळ्याचा काय संबंध आला, ती हकीकत आम्हाला येथे सांगायची आहे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड बंदूक तोंडाकडून भरली जाई. एका वेळच्या बारापुरती दारू आणि शिशाची गोळी कागदाच्या सुरळीत बांधलेली असे. शिपायाने सुरळीचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी नळीच्या तोंडाशी बसवून गजाने खाली ठोसायची. नळीच्या आत पीळदार खाचा होत्या आणि त्यांतून गोळी सरकायला हवी म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावलेले असे. म्हणजे वंगण हवे होते ते गोळीसाठी आणि दात हवे होते ते दोन्ही हात बंदुकीत गुंतलेले असत म्हणून. पुढे कवायतीत बदल करून काडतूस हाताने फाडायची मुभा देण्यात आली, पण तोवर उशीर झाला होता. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले आणि १० मे रोजी मीरत पेटले.

कागदाच्या काडतुसाचा बंदुकीला त्रास असा फारसा नव्हता. नळीचे मागचे टोक कायमचे बंद असल्याने वायू मागे येण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो बंदूक मागून भरायची ठरली तेव्हा. मागून भरायची म्हणजे मागे दार हवे, आणि दार आले की फट आली. दारू पेटल्यावर तयार होणारा तापलेला वायू त्या फटीतून शिपायाच्या तोंडाकडे येणार. प्रशियाची ड्रायझे बंदूक अशी मागून भरायची होती आणि तिचे काडतूस कागदाचेच होते. तिच्या सांध्यातून येणाऱ्या झळांमुळे शिपाई ती खांद्याला लावण्याऐवजी कमरेशी धरून झाडत. फ्रेंचांनी १८६६ मध्ये आणलेल्या शासपो बंदुकीत रबराचे वेटोळे घालून ही फट बुजवायचा प्रयत्न केला. रबर तापून कडक होई, तडकत असे.

यावरचा उपाय फार साधा निघाला. फट बंदुकीने नव्हे, काडतुसानेच बुजवावी. दारू धातूच्या पातळ पुंगळीत भरली, तर बार उडताच आतल्या दाबाने पुंगळी फुगते आणि भोवतालच्या चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. वायूला मागे यायला वाट राहत नाही. दाब ओसरला की पुंगळी किंचित आकसते आणि सैल झालेली पुंगळी ओढून बाहेर काढता येते. यात एकाच वस्तूकडून दोन उलटी कामे अपेक्षित आहेत. पहिल्या क्षणी तिने सहज फुगावे, दुसऱ्या क्षणी मागे सरावे. हे दुसरे काम कोणत्या धातूला किती जमते, यावर पुढची शंभर-सव्वाशे वर्षे बरेच काही अवलंबून राहिले.

अमेरिकनांनी सुरुवातीला तांबे घेतले. तांबे मऊ, त्याच्या पत्र्यातून पुंगळी ओढून काढणे सोपे. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीची काडतुसे जवळजवळ शुद्ध तांब्याची होती. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, चेयेन आणि त्यांच्या साथीदार जमातींनी जनरल कस्टरच्या घोडदळाचा पाडाव केला. कस्टर आणि त्याच्या थेट हाताखालचे दोनशेहून अधिक लोक त्यात मारले गेले. लढाईनंतर त्याच पलटणीतील मेजर रीनो याने तक्रार केली, की झाडलेल्या पुंगळ्या कार्बाइनमध्ये अडकत होत्या. शिपायांजवळ गज नव्हता, त्यामुळे ते चाकूने पुंगळी उचकटत बसत. काडतुसे चामड्याच्या पट्ट्यातील घरांत ठेवलेली असत. चामडे कमावताना वापरलेल्या टॅनिक आम्लाची तांब्याशी क्रिया होऊन त्यावर हिरवे जंगाल चढे आणि ते जंगाल चेंबरमध्ये गोंदासारखे काम करी. ज्यांच्या घरी कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकलेली आहे, त्यांना हे जंगाल वेगळे समजावून सांगायला नको.

तांब्याच्या काडतुसांमुळे कस्टर हरला, असे मात्र आम्ही म्हणणार नाही, जरी ही गोष्ट तशी सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. १९८३ मध्ये तेथले गवत वणव्यात जळाल्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी रणभूमी पद्धतशीर तपासली. सापडलेल्या पुंगळ्यांपैकी उचकटल्याच्या खुणा असलेल्या थोड्याच होत्या. कस्टर हरला तो मुख्यतः समोरच्यांची संख्या आणि त्यांचे युद्धकौशल्य यांमुळे. पण ज्या शिपायाच्या हातातील बंदूक त्या दिवशी अडली, त्याच्यापुरता प्रश्न शंभर टक्के धातूचा होता.

इंग्रजांची चूक निराळी होती. वुलिचच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास स्नायडर बंदुकीसाठी जे काडतूस केले, त्याची पुंगळी पितळेच्या अगदी पातळ पत्र्याची गुंडाळी होती आणि तिला लोखंडाचे बूड जोडलेले होते. पत्रा गुंडाळलेला असल्याने तो उलगडून फुगे आणि फट बुजवी. ही युक्ती स्वस्त होती आणि स्नायडरमध्ये चाललीही. मग १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री बंदूक आली, तिच्यासाठीही तसलेच काडतूस केले गेले. सुदानच्या वाळवंटात १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्लीया येथे महदीच्या सैन्याने इंग्रजांचा चौकोनी व्यूह फोडला. त्या गर्दीत तापलेल्या, वाळूने माखलेल्या बंदुकांतून पुंगळ्या निघेनात. ओढणारा आकडा बूड तेवढे उपटून आणी आणि पत्र्याची नळी आतच राही. यानंतर गुंडाळीची काडतुसे मागे पडली आणि एकसंध, ओढीव पितळेच्या पुंगळीला पर्याय उरला नाही.

हे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. हे प्रमाण आले कोठून? तांब्यात जस्त मिसळत गेले तर संमिश्र अधिकाधिक बळकट होते, यात नवल नाही. नवल हे, की साधारण ३० टक्क्यांपर्यंत ते अधिकाधिक ताणलेही जाऊ शकते. सहसा धातू बळकट केला की त्याची ताणले जाण्याची क्षमता कमी होते. पितळ या मर्यादेपर्यंत दोन्ही वाढवते. जस्ताचे अणू तांब्याच्याच स्फटिकरचनेत सामावले जातात तोवर हे चालते. जस्त ३५ टक्क्यांच्या पुढे गेले, की वेगळ्या रचनेचे कण तयार होऊ लागतात आणि थंड स्थितीत ओढताना पितळ फुटू लागते. त्यामुळे ७०:३० हे प्रमाण खोल ओढकामाला अगदी सोयीचे ठरले.

आता फुगणे आणि आकसणे याचा थोडा हिशोब करू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तो फळ्यावर करून दाखवता येईल. ओढून कडक केलेले पितळ दर चौरस मिलिमीटरला साधारण ४०० न्यूटन इतका ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येते. त्यापलीकडे ताणले तर कायमचे वाकते. पितळेचा यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,१०,००० न्यूटन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की येतात ०.००३६. म्हणजे कितीही फुगवले तरी दाब जाताच पितळ आपल्या आकाराच्या ०.३६ टक्के मागे येते. इंग्रजांच्या .३०३ बंदुकीच्या पुंगळीचा बुडाजवळचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर. त्याचे ०.३६ टक्के म्हणजे चार शतांश मिलिमीटर. मऊ तांबे ७० न्यूटनलाच वाकते आणि त्याचा गुणांक १,२०,००० आहे, म्हणजे ते मागे येते फक्त ०.०६ टक्के. सौम्य पोलादाचे आकडे ३५० आणि २,००,००० धरले तर उत्तर येते ०.१८ टक्के, पितळेच्या निम्मे.

यात आणखी एक मेख आहे. बार उडताना नुसती पुंगळी फुगत नाही, भोवतालचे चेंबरही फुगते, फक्त ते स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत राहते. .३०३ बंदुकीत दाब ३,००० वातावरणांच्या वर जातो आणि तेवढ्या दाबाने चेंबरचा व्यास साधारण ०.२ टक्के वाढू शकतो. दाब गेला की चेंबर मूळ आकारावर परत येते. पुंगळी जर त्याच्यापेक्षा कमी आकसली, तर चेंबर तिला आवळून धरणार. पितळ ०.३६ टक्के आकसते, म्हणून सुटते. सौम्य पोलाद काठावर आहे. मऊ तांब्याला तर जुन्या काळ्या दारूच्या कमी दाबातही अडचण येई. १८८६ मध्ये फ्रेंचांनी धूररहित दारू आणली, इतरांनी तिचे अनुकरण केले आणि दाब एकदम वाढले. त्यानंतर तांब्याचा विचारही शक्य नव्हता.

पितळ कडक असावे लागते हे या हिशोबात गृहीत धरले आहे. ते कडक होते ओढकामातच. पत्र्याची चकती कापतात, तिची वाटी करतात, ती वाटी ठशातून पुन्हा पुन्हा दाबून लांब नळी काढतात. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होते, शेवटी आणखी ओढले तर फाटेल अशी स्थिती येते. मग भट्टीत तापवून ते मऊ करायचे आणि पुढची ओढ घ्यायची. पुण्याच्या तांबट आळीत घागर ठोकताना मध्येच ती लाल करून घेतात, तेच हे तत्त्व. फरक इतकाच, की पुंगळीचे बूड मुद्दाम कडक ठेवतात, कारण तेथे आधार कमी असतो, आणि तोंड मऊ. कारखान्यातून निघणारी पुंगळी म्हणजे वरून खाली बदलत जाणाऱ्या कडकपणाची वस्तू असते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे. वरणगावला १९६० च्या दशकात असाच दुसरा कारखाना उभा राहिला. तेथले कामगार ज्यांच्या ओळखीचे आहेत अशा शिक्षकांनी त्यांच्याकडून या कामाचे वर्णन जरूर ऐकावे, जेवढे ते सांगू शकतात तेवढे.

तर अबू क्लीयानंतर प्रश्न सुटला असे वाटले, आणि मग पितळेनेच दगा दिला.

हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत. नद्यांना पूर, रस्त्यांत चिखल, तोफा ओढणे अशक्य. या दिवसांत काडतुसांच्या पेट्या कोरड्या, छपराच्या जागी हलवत आणि छावणीत अशी हाताशी असलेली जागा म्हणजे घोड्यांची पागा. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या, की अनेक पुंगळ्यांना तडे गेलेले दिसत. विशेषतः तोंडाशी, जेथे पुंगळी गोळीवर आवळलेली असते तेथे. कोणी त्या वापरल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. वरून पितळ जवळजवळ जसेच्या तसे, झिजलेले नाही, आणि मध्येच लांब, खोल तडा. अशा काडतुसात ओल शिरून दारू निकामी होई. तडा अंगाला असला तर बार उडताच वायू मागे येणार, म्हणजे ज्या कामासाठी पुंगळी जन्माला आली नेमके तेच काम ती करू शकणार नाही. या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. कच्चे लाकूड मुरवताना, म्हणजे सीझन करताना, त्याला जे तडे जातात त्यांच्यासारखे हे दिसत, असा त्या नावाचा एक अर्थ सांगतात. आपल्याकडे त्याला ऋतूचा अर्थही तितकाच चपखल बसतो.

तडा गेलेले पितळ पाहिले की माल हलका होता असे वाटणे साहजिक आहे. पण तपासले तर प्रमाण बरोबर, कडकपणा बरोबर. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले, की यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दुसरी पितळेत ओढकामाच्या वेळी अडकून राहिलेला ताण.

हे दोन्ही जरा उलगडून पाहू. मुतात अमोनिया नसतो, युरिया असतो. जमिनीतले जिवाणू युरियाचे विघटन करून अमोनिया सोडतात. शाळेच्या मुतारीत पाणी नसेल त्या दिवशी जो वास येतो, तो हाच. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा जो झणका नाकात जातो, त्यातही अमोनिया असतो. पावसाळ्यात पितळेच्या पृष्ठभागावर दमटपणाचा अतिशय पातळ थर बसतो. अमोनिया त्यात विरघळतो आणि हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने तांब्याला विरघळवू लागतो. तांब्याचा आयन चार अमोनिया रेणूंना धरून द्रावणात जातो. गडद निळ्या रंगाचे ते संयुग प्रयोगशाळेत सर्वांनी पाहिलेले असते. ही क्रिया साऱ्या पृष्ठभागावर सारखी होत असती, तर पुंगळी थोडी झिजली असती इतकेच. पण पितळ हे असंख्य बारीक स्फटिकांचे बनलेले असते आणि त्या स्फटिकांमधल्या सीमा इतर भागापेक्षा लवकर खाल्ल्या जातात.

आता ताणाची गोष्ट. ठशातून ओढताना पुंगळीचा बाहेरचा आणि आतला थर सारखे ताणले जात नाहीत. काम संपल्यावरही धातूत ओढाताण चालू राहते. बाहेरून पुंगळी स्वस्थ दिसते, आत मात्र एक थर दुसऱ्याला ताणून धरून असतो. ओढीव पितळेची नळी लांबीच्या दिशेने करवतीने चिरली, तर चीर आपोआप रुंदावते. करवत जेवढी जाड, तेवढीच फट पडायला हवी होती. ती जास्त पडते, कारण अडकलेला ताण मोकळा होतो. तोंडाशी तर गोळीवर आवळल्यामुळे आणखी ताण येतो, म्हणून तडे तेथे अधिक.

अमोनियाने स्फटिकांच्या सीमेवर बारीकशी खाच पाडली, की हा ताण ती खाच ओढून उघडी करतो. उघड्या टोकाशी नवे, स्वच्छ पितळ अमोनियाला मिळते. ते खाल्ले जाते, ताण पुन्हा टोक उघडतो. असे करत तडा आरपार जातो, बाकीच्या धातूला जवळजवळ धक्काही न लावता. ही गोष्ट सांगताना सारा दोष घोड्यांवर टाकायची पद्धत पडली आहे, ती आम्हाला पटत नाही. ताण नसलेले पितळ त्याच पागेत ठेवले असते, तर फार तर काळपट झाले असते. अमोनिया नसता, तर ताण असलेले पितळ वर्षानुवर्षे पडून राहिले असते. शिवाय ओल हवी, ऑक्सिजन हवा आणि धातूही पितळच हवे. त्या परिस्थितीत शुद्ध तांब्याला सहसा तडे जात नाहीत, १५ टक्क्यांहून कमी जस्ताच्या पितळेला क्वचितच जातात. ज्या ३० टक्के जस्तामुळे पितळ ओढकामाला उत्तम ठरले, तेच जस्त येथे आड आले. आणि घोड्यांना पागेबाहेर काढणे हा काही फौजेला परवडणारा उपाय नव्हता.

खरा उपाय ताण काढून टाकण्याचा होता. पितळ पुरते मऊ करायचे तर ४०० अंश सेल्सियसच्या वर तापवावे लागते, पण तसे केले तर कडकपणा गेला आणि पुंगळी पुन्हा चेंबरमध्ये अडकली. सुदैवाने २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान तासभर तापवले, तर आत अडकलेला ताण बराचसा ओसरतो आणि कडकपणा फारसा जात नाही. तोंडाकडचा भाग तर वेगळा तापवून मऊ करतात. लष्करी काडतुसांच्या तोंडाजवळ जो निळसर-तपकिरी डाग पुष्कळदा दिसतो, तो या तापवण्याचा. तो घासून काढलेला नसतो, त्यामुळे तोंड तापवलेले आहे हे तपासनिसाला दिसून येते. पुंगळीत ताण उरला आहे का हे पाहण्यासाठी ती मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवण्याची परीक्षाही रूढ झाली. ताण असेल तर अर्ध्या तासातच तडे दिसतात. पारा विषारी असल्याने ही परीक्षा शाळेत कोणीही करू नये.

महायुद्धांनी प्रश्नाचे स्वरूप बदलले. पितळ उत्तम होते, पण पुरेसे नव्हते. दोन्ही महायुद्धांत जर्मनीला तांब्याची टंचाई भासली. पहिल्या महायुद्धात तेथे चर्चच्या घंटासुद्धा वितळवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोट्यवधी पुंगळ्या पोलादाच्या केल्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांवर लॅकरचा थर दिला. अमेरिकेत १९४३ चा सेंट तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला गेला, कारण तांबे काडतुसांना हवे होते. त्याच वर्षी आपल्याकडे भोकाचा पैसा निघाला. आपल्या आजीच्या डब्यात तो असेल तर मुलांना दाखवावा. त्या भोकाएवढा धातू प्रत्येक नाण्यामागे वाचवला गेला होता.

पोलादी पुंगळीचा बंदुकीवर काय परिणाम होतो, याबद्दल गैरसमज बरेच आहेत. सर्वांत मोठा हा, की पोलाद कठीण म्हणून ते नळी झिजवते. पुंगळी नळीत जातच नाही. नळीतून जाते ती गोळी, आणि नळीची जास्त झीज होते ती अनेकदा पोलादी पुंगळीबरोबर येणाऱ्या गोळीच्या कवचामुळे, कारण तेही वरून तांब्याचा हात दिलेल्या पोलादाचे असते. पुंगळीचा संबंध चेंबरशी आणि तिला बाहेर ओढणाऱ्या आकड्याशी. वर पाहिले तसे पोलाद कमी आकसते, त्यामुळे आकड्याला जास्त जोर लावावा लागतो आणि तो लवकर झिजतो किंवा मोडतो. शिवाय पोलादी तोंड पितळेइतके चटकन फुगून चिकटत नाही. थोडा वायू बाजूने मागे येतो, चेंबरमध्ये काजळी साठते आणि पुढची पुंगळी अडकण्याची शक्यता वाढते.

याला दोन प्रकारे उत्तर देता येते. पुंगळी बदला किंवा बंदूक बदला. रशियनांनी १९४३ मध्ये जे ७.६२ मिलिमीटरचे आखूड काडतूस आखले, ज्यासाठी पुढे कलाश्निकोव्ह रायफल झाली, त्याची पुंगळी स्पष्टपणे निमुळती आहे. सरळ नळीसारखी पुंगळी बाहेर येताना शेवटपर्यंत घासते. निमुळती पुंगळी जराशी मागे सरकली, की चारी बाजूंनी मोकळी होते. पोलाद वापरायचे हे धरून चाललेल्यांना असा आकार सोयीचा. जर्मनांच्या जी-३ रायफलमध्ये निराळी युक्ती आहे. तिच्या चेंबरच्या भिंतीत लांब खाचा आहेत. त्यांतून वायू पुंगळीच्या बाहेरच्या बाजूला जातो, आतबाहेरचा दाब बरोबरीत येतो आणि पुंगळी चिकटून बसत नाही. अशा रायफलमधून निघालेली पुंगळी पट्ट्यापट्ट्यांनी काळवंडलेली असते.

अॅल्युमिनियमबद्दल थोडक्यात. आपल्या हिशोबात त्याचे मिश्रधातू पितळेलाही मागे टाकतात. गुणांक फक्त ७०,००० असल्याने ते अर्ध्या टक्क्याहून जास्त आकसतात, आणि वजन तर पितळेच्या एक तृतीयांश. तरीही रायफलीत ते टिकले नाहीत. पुंगळीला कोठे बारीकशी चीर असली, की तीतून निसटणारा तापलेला वायू अॅल्युमिनियमला जाळत भोक मोठे करतो आणि चेंबरलाही इजा करतो. अमेरिकेच्या ए-१० विमानातील ३० मिलिमीटर तोफेसाठी मात्र अॅल्युमिनियमच्याच पुंगळ्या वापरतात. तेथे वजनाची बचत मोठी असते.

पुंगळीच नको, असाही एक प्रयत्न झाला. पश्चिम जर्मनीच्या जी-११ रायफलीत दारूच ठोकळ्यासारखी घट्ट करून तीत गोळी रोवलेली होती. तेव्हा एक गोष्ट नव्याने लक्षात आली. बाहेर फेकली जाणारी पितळी पुंगळी आपल्याबरोबर पुष्कळ उष्णता घेऊन जाते. ती नसेल तर उष्णता चेंबरमध्येच साठते आणि पुढचे काडतूस चाप न ओढताही पेटू शकते. त्यासाठी उष्णतेला दाद न देणारी वेगळी दारू शोधावी लागली. जर्मनीच्या १९९० च्या एकीकरणानंतर तो प्रकल्प गुंडाळला गेला. अमेरिकन लष्कराने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिलिमीटरच्या काडतुसात दाब ५,००० वातावरणांहून अधिक आहे. तेवढा दाब पितळेच्या बुडाला झेपत नाही, म्हणून बूड गंजरोधक पोलादाचे आणि अंग पितळेचे, अशी जोड पुंगळी केली आहे. बॉक्सरच्या पुंगळीचे बूडही लोखंडाचे होते, याची आम्हाला येथे आठवण झाली.

वर्गात करण्याजोगे काही हवे असेल, तर पागेतली रसायनक्रिया बाटलीत दाखवता येते. विद्युत तारेतील तांब्याचे तुकडे स्वच्छ घासून एका लहान बाटलीत घ्या आणि त्यांवर अमोनियाचे सौम्य द्रावण ओता. खिडक्या उघड्या ठेवा, बाटलीवर नाक धरू नका, डोळ्यांना चष्मा असू द्या. बाटली निम्मी रिकामी व झाकण सैल ठेवले, तर काही तासांत द्रावण निळे होऊ लागते. मग त्याच द्रावणाने दुसरी लहान बाटली काठोकाठ भरा, तीत तांब्याचे तुकडे टाका आणि बूच घट्ट लावा. आत हवा नसल्याने निळा रंग हळूहळू फिका होत जातो, कारण उरलेले तांबे निळ्या आयनांचे रंगहीन आयनांत रूपांतर करते. द्रावण पुरते फिके झाल्यावर बूच काढून ठेवा आणि मुलांना पाहू द्या. रंग परत येतो तो वरून, हवा लागते तेथून, आणि सावकाश खाली उतरतो.